पगाराऐवजी समभाग घ्यावेत का: नळ स्टॉपजवळच्या एका सल्ला केंद्राचा अनुभव

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एका खासगी विमान कंपनीत मी सतरा वर्षे जमिनीवरच्या यंत्रसामग्रीच्या दुरुस्तीचे काम केले. विमान ओढणारे टग, प्रवाशांच्या शिड्या आणि उभ्या विमानाला वीज पुरवणारे जनित्र ही माझी यंत्रे. कंपनी बंद पडली तेव्हा माझा साडेचार महिन्यांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी अडकली. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही आणि हे परीक्षण कंपनीचे नाही. त्या काळात ज्या सल्ला केंद्राकडे मी सहा वेळा गेलो, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. केंद्राचेही नाव देत नाही. ते चालवणाऱ्या दोघांनी तशी विनंती केली आहे, कारण आठवड्याला दहा-बारा माणसांपेक्षा अधिक प्रकरणे त्यांना नीट पाहता येत नाहीत. आमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांकडे पत्ता आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आपल्या गटातल्या कुणालाही विचारावा.

केंद्र म्हणजे नळ स्टॉपजवळच्या एका जुन्या सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. लिफ्ट नाही, हे गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. बँकेच्या थकीत कर्जांच्या विभागातून निवृत्त झालेले एक अधिकारी आणि कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या एक वकीलबाई हे काम पाहतात. पहिल्या बैठकीचे दीड हजार रुपये आणि दाव्याचा अर्ज पूर्ण करून देण्याचे अडीच हजार रुपये त्यांनी माझ्याकडून घेतले, आणि दोन्हींची पावती दिली. हा तपशील मुद्दाम लिहितो. त्याच सुमारास आमच्यापैकी अनेकांना एका मध्यस्थाचे फोन येत होते आणि ‘आधी काही देऊ नका, पैसे सुटले की दहा टक्के द्या’ असे तो सांगत होता. बाईंनी याबद्दल स्पष्ट सांगितले की, वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, आणि वकील नसलेला माणूस टक्केवारी मागत असेल तर तो तुमच्या वतीने दिवाळखोरीची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायाधिकरणात उभा राहू शकतो का, एवढे तरी आधी विचारा. आमच्यातल्या तिघांनी त्या मध्यस्थाला मूळ कागद दिले होते. ते परत मिळवायला त्यांना दोन महिने लागले.

पहिल्या बैठकीत साहेबांनी, म्हणजे बँकेच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी, माझी फाईल उघडली आणि कागदांचे तीन गठ्ठे केले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे कागद एका बाजूला, पगार आणि रजेचे दुसऱ्या बाजूला, आणि कंपनीने बंद पडण्याआधी पाठवलेली आश्वासनांची पत्रे, बोनसचे वायदे वगैरे तिसऱ्या बाजूला. त्या दिवशीपर्यंत मी हे सगळे एकच ‘आमचे पैसे’ समजत होतो. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या तिन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. कलम ३६ नुसार भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगाराला मिळायची रक्कम कंपनीच्या विकाऊ मालमत्तेत धरलीच जात नाही. पगाराचे तसे नाही. तो कलम ५३ च्या रांगेत उभा राहतो. तिसऱ्या गठ्ठ्यावर साहेबांनी रबर बँड लावला आणि म्हणाले, “हे घरी ठेवा, पण हिशेबात धरू नका.”

रांगेची रचना त्यांनी वहीच्या एका पानावर काढून दिली, आणि ते पान मी आजही जपून ठेवले आहे. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे ती मोडून मालमत्ता विकायला काढली, तर सर्वांत आधी त्या प्रक्रियेचाच खर्च भागवला जातो. त्यानंतर कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सोडून रांगेत आलेल्या बँकांची कर्जे एकाच पायरीवर येतात. त्याखालच्या पायरीवर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण वित्तीय कर्जे, मग सरकारी देणी, मग उरलेले सगळे, आणि अगदी तळाशी समभागधारक. तळाच्या ओळीखाली साहेबांनी दोन रेघा मारल्या. त्यांचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला.

या केंद्राचा सर्वांत मोठा उपयोग मला या रांगेतली माझी पायरी ठरवताना झाला, आणि त्यांची एकमेव मोठी चूकही इथेच झाली. माझ्या पत्रावर हुद्दा ‘सुपरवायझर’ होता. केंद्रातल्या मदतनीस मुलाने त्यावरून माझा दावा ‘कर्मचारी’ म्हणून भरला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २(एस) मध्ये देखरेखीचे काम करणारा आणि महिना दहा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जात होता, हे खरे. पण त्यासाठी तो प्रत्यक्षात काय काम करतो हे पाहावे लागते, पत्रावरचा हुद्दा नव्हे. मी रोज हाताने पाना फिरवत होतो, टगखाली झोपून हायड्रॉलिकची नळी बदलत होतो, आणि माझ्या हाताखाली एक प्रशिक्षणार्थी वगळता कुणी नव्हते. बाईंनी दुसऱ्या बैठकीत अर्ज पाहिला, मुलाला माझ्यासमोर रागावल्या नाहीत, पण स्वतः बसून दावा सुधारून घेतला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पुरावा म्हणून माझ्या सहीची जॉब कार्डे जोडायला त्यांनी सांगितले. एवढ्या वर्षांत त्या पिवळ्या कार्डांना मी कधी महत्त्व दिले नव्हते. बायकोने ती माळ्यावर एका जुन्या सुटकेसमध्ये ठेवली होती म्हणून वाचली. चोवीस महिने की बारा, आणि बँकांच्या पायरीवर की तिच्या खाली, हा फरक त्या कार्डांवर अवलंबून होता. ज्यांचे हुद्दे मोठे आणि काम हाताचे आहे, अशा सर्व तंत्रज्ञांनी हे लक्षात ठेवावे.

चार महिन्यांनी समभागांचा प्रश्न आला. कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्या मंडळींनी कर्मचाऱ्यांना थोडी रोख रक्कम आणि नव्या कंपनीचे काही समभाग देऊ केल्याचे परिपत्रक फिरू लागले, आणि आमच्या दोन संघटनांत उभी फूट पडली. वैमानिक आणि अधिकाऱ्यांकडे कल असलेली एक संघटना म्हणत होती की, समभाग घ्यावेत, विमाने पुन्हा उडाली तर त्यांचे मोल होईल आणि नोकऱ्याही परत मिळतील. लोडर, चालक आणि तंत्रज्ञ जिच्यात अधिक होते ती दुसरी संघटना म्हणत होती की, आधी पगार रोखीने द्या, कागद नको. विश्रांतवाडीच्या एका सभागृहात झालेल्या सभेत सतरा-अठरा वर्षे एकाच डब्यातून जेवलेली माणसे एकमेकांना गद्दार म्हणाली. ते ऐकताना मला फार वाईट वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी मी नळ स्टॉपला गेलो.

ती बैठक दोन तास चालली आणि माझ्या मते मला त्याहून अधिक मोलाचे काही मिळाले नसते. साहेबांनी कोणत्याही संघटनेची बाजू घेतली नाही. त्यांनी मला दोन अमेरिकन कंपन्यांचा आणि एका भारतीय कंपनीचा हिशेब सांगितला.

पहिला युनायटेड एअरलाइन्सचा. १९९४ मध्ये तिथल्या वैमानिकांनी, यंत्रकामगारांनी आणि संघटनेबाहेरच्या कर्मचाऱ्यांनी सुमारे ४.९ अब्ज डॉलरच्या पगारकपाती आणि सवलती मान्य करून कंपनीचे ५५ टक्के समभाग घेतले. विमानातील परिचारकांची संघटना मात्र त्या व्यवहारात उतरली नाही. हे समभाग नोकरी सुटेपर्यंत विकता येत नव्हते. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा एका समभागाचा भाव १ डॉलरच्या आसपास आला होता, आणि २००५ मध्ये निवृत्तिवेतनाच्या योजनाही मोडून सरकारी हमी महामंडळाकडे द्याव्या लागल्या. साहेबांचे म्हणणे असे की, त्या माणसांचा पगार, त्यांचे निवृत्तिवेतन आणि त्यांची बचत ही तिन्ही एकाच कंपनीच्या तब्येतीवर टांगलेली होती. एक दोर तुटला तेव्हा तिन्ही खाली आली.

दुसरा हिशेब अमेरिकन एअरलाइन्सचा, आणि तो उलटा आहे. तिच्या मूळ कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, ९ डिसेंबर २०१३ रोजी यूएस एअरवेजशी विलीनीकरण करून ती बाहेर आली, आणि पगारात सोडलेल्या सवलतींच्या बदल्यात कामगार संघटनांना जुन्या कंपनीच्या धनकोंच्या, म्हणजे तिच्याकडून पैसे येणे असलेल्यांच्या, वाट्यातील समभाग मिळाले: वैमानिकांच्या संघटनेला १३.५ टक्के, वाहतूक कामगारांच्या संघटनेला ४.८ टक्के, विमान परिचारकांच्या संघटनेला ३ टक्के. हे समभाग पुढच्या चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने हाती आले आणि त्या काळात भाव चढत गेल्याने त्यांचे खरोखरीचे पैसे झाले. पण तिथेही भांडण चुकले नाही. संघटनेला एकगठ्ठा मिळालेला वाटा आत कसा वाटायचा, कोणत्या गटाने किती सोसले हे कसे मोजायचे, आणि दिवाळखोरीच्या काळात स्वेच्छेने नोकरी सोडलेल्यांना पूर्ण वाटा द्यायचा की नाही, यावरून वाद झाले. वाहतूक कामगारांच्या संघटनेतील काही माजी सदस्य स्वतःच्याच संघटनेविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये अपिलात निकाल संघटनेच्या बाजूने लागला.

हे ऐकून माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. आमच्या सभेत ‘समभाग घ्यायचे की नाही’ यावर तीन तास भांडण झाले, पण घेतले तर कुणाला किती, लोडरला वैमानिकाइतके की पगाराच्या प्रमाणात, आणि आधीच दुसरीकडे नोकरीला लागलेल्यांना मिळणार का, हे कुणी विचारलेच नव्हते. बाईंनी मला हे प्रश्न एका कागदावर लिहून दोन्ही संघटनांच्या कार्यकारिणीला द्यायला सांगितले. मी दिले. एका संघटनेने लेखी उत्तर दिले, दुसरीने दिले नाही, आणि मतदानाच्या दिवशी मी काय करायचे ते मला त्यावरून ठरवता आले.

तिसरा हिशेब जेट एअरवेजचा, आणि तो सांगताना साहेब सर्वांत सावकाश बोलले. जेटची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली, जूनमध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने प्रकरण दाखल करून घेतले आणि जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाच्या योजनेला मंजुरी मिळाली. त्या योजनेत कामगार व कर्मचाऱ्यांसाठी ५२ कोटी रुपये होते, शिवाय कंपनीचे ०.५ टक्के समभाग आणि जमिनीवरची कामे पाहणाऱ्या उपकंपनीत ७६ टक्के हिस्सा देऊ केला होता. ज्यांनी ते मान्य केले नाही ते अपिलात गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्यावी असा आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. योजना मात्र अमलात आलीच नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून जेटच्या अवसायनाचा आदेश दिला, आणि देऊ केलेले समभाग कागदावरच राहिले. वहीच्या पानावरच्या त्या दोन रेघा साहेबांनी तेव्हा पुन्हा दाखवल्या. अवसायनात समभागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. त्यामुळे कामगाराने आपला पगाराचा दावा सोडून समभाग घेतला, तर तो स्वतःच्या पायाने दुसऱ्या पायरीवरून उतरून तळाशी जाऊन उभा राहतो. घ्यायचाच असेल तर दाव्याच्या बदल्यात नव्हे, दाव्याच्या वर काहीतरी म्हणून घ्यावा, असे त्यांचे मत होते, आणि आज ते माझेही मत आहे.

साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सभेत कुणाला माहीत नव्हती. कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना, म्हणजे मुख्यतः बँकांना असते आणि योजना ६६ टक्के मतांनी मंजूर होते. कामगार हा परिचालन धनको, म्हणजे ज्याचे कर्ज नव्हे, तर कामाचे किंवा मालाचे पैसे थकले आहेत असा. अशा धनकोंची एकूण देणी कर्जाच्या किमान १० टक्के असतील तर त्यांच्या प्रतिनिधीला समितीत बसता येते, मत मात्र देता येत नाही. मग संघटना कशाला, असे मी विचारले. बाईंनी सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या ज्यूट गिरणी कामगारांच्या निकालाकडे बोट दाखवले, ज्यात संघटनेला आपल्या सदस्यांच्या वतीने परिचालन धनको म्हणून अर्ज करता येतो असे ठरले. प्रत्येक लोडरने वेगळा अर्ज, वेगळा वकील आणि मुंबईला वेगळी खेप करण्यापेक्षा संघटनेने एकत्र केले तर खर्च किती वाचतो, याचा आकडा त्यांनी मला काढून दाखवला. पुण्याच्या कंपन्यांची प्रकरणेही कफ परेडच्या खंडपीठाकडे जातात, त्यामुळे डेक्कन क्वीनचे तिकीट आणि बुडालेली रोजंदारी धरली तर हा प्रश्न लहान नाही.

त्यांच्या उणिवाही सांगायला हव्यात. कराच्या बाबतीत केंद्र कमकुवत आहे. मिळालेल्या थकबाकीवर कर कसा लागेल आणि त्यात काही सवलत मिळते का, हे विचारल्यावर त्यांनी दुसऱ्या सल्लागाराकडे जायला सांगितले, जे प्रामाणिकपणाचे असले तरी माणसाला पुन्हा नवीन फी भरावी लागते. ईमेलला उत्तर यायला आठवडा लागतो, आणि दाव्याची मुदत जवळ असताना हा आठवडा झोप उडवतो. माझ्या चौथ्या बैठकीला एकाच वेळी पाच जणांना आत बसवले होते; त्यांपैकी एक हवाई सुंदरी होती, आणि तिला आपल्या घरच्या कर्जाबद्दल सगळ्यांसमोर बोलावे लागले. हे व्हायला नको होते. मी तसे बाईंना सांगितले आणि त्यानंतरच्या दोन्ही वेळा मला एकट्याला वेळ मिळाली.

दुसरीकडे, एका चुकीच्या खेपेपासून त्यांनी आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाचवले. आमची पहिली धाव वाकडेवाडीच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयाकडे होती. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात हवाई वाहतूक सेवेसाठी ‘समुचित सरकार’, म्हणजे अधिकार असलेले सरकार, केंद्र सरकार असल्याने तक्रार केंद्रीय कामगार यंत्रणेकडे न्यावी लागते, हे पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सांगितले. ज्यांनी ते ऐकले नाही ते तिथे जाऊन परत आले.

आज माझा दावा कामगार म्हणून मान्य झालेला आहे, रजेच्या रकमेचा काही भाग वगळून. ग्रॅच्युइटीचा वेगळा अर्ज चालू आहे. पैसे अजून हाती आलेले नाहीत, आणि केंद्राने ते येतील असे आश्वासन मला कधीही दिले नाही; मला त्यांच्याविषयी जो विश्वास वाटतो त्याचे हेही एक कारण आहे. मतदानात मी समभागांच्या बाजूने मत दिले नाही. माझ्या शेजारी काम करणाऱ्या मित्राने दिले, तोही याच केंद्रात जाऊन आला होता, आणि आम्ही अजून एकमेकांच्या घरी जातो.

जाणाऱ्यांसाठी: वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते एक, आधी फोन करून. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे पासबुक किंवा खात्याचा उतारा, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचा खातेउतारा आणि रजेचा शेवटचा हिशेब न्यावा. तंत्रज्ञ, चालक आणि लोडर यांनी जॉब कार्डे, पाळ्यांचे तक्ते, टगच्या लॉगबुकच्या प्रती, जे सापडेल ते न्यावे, हुद्द्यात ‘सुपरवायझर’ किंवा ‘ऑफिसर’ हा शब्द असेल तर नक्कीच. मूळ कागद दाखवावेत आणि परत घरी आणावेत. केंद्र प्रतींवरच काम करते. दावा भरून झाल्यावर तो ‘कामगार’ म्हणून भरला आहे की ‘कर्मचारी’ म्हणून, हे सही करण्याआधी स्वतः वाचून पाहावे.